एका रात्रीत उभा राहिलेला बांध: प्रवाळबेटं कशी घडतात आणि कशी सरकतात

ऑक्टोबर १९७२ मध्ये प्रशांत महासागरातल्या तुवालू या देशाच्या फुनाफुटी या बेटमाळेवर ‘बेबे’ नावाचं चक्रीवादळ आलं. जमिनीची रुंदी जेमतेम काहीशे मीटर. लाटा समुद्राच्या बाजूने चढत होत्या आणि वस्तीवरून वाहत पलीकडच्या लगूनमध्ये, म्हणजे बेटांच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, उतरत होत्या. जवळजवळ सगळी घरं पडली. वादळ ओसरलं तेव्हा आदल्या दिवशी पाण्याखाली असलेल्या खडकावर दगडगोट्यांचा एक लांबच लांब बांध उभा होता. लांबी सुमारे १९ किलोमीटर, आणि उंची जागोजागी ४ मीटरपर्यंत.

हा सगळा माल समुद्राच्या उतारावर मोडून पडलेल्या प्रवाळांचा होता. लाटांनी तो खालून उचलून वर आणून टाकला. पुढच्या काही वर्षांत साध्या लाटांनी हा बांध हळूहळू किनाऱ्याकडे ढकलला आणि त्याचा बराचसा भाग बेटांना जाऊन मिळाला. ज्या वादळाने घरं नेली, त्यानेच जमिनीचा माल आणून दिला होता.

प्रवाळबेटांबद्दल आपण वाचतो ते बहुतेक एकाच वाक्यात असतं: समुद्र वाढतोय, बेटं बुडताहेत. काळजी खरी आहे, आणि ती मलाही आहे. पण या वाक्यात बेट म्हणजे टबात ठेवलेली वीट आणि वर चढत जाणारं पाणी असं चित्र आहे, आणि ते चित्र चुकीचं आहे. ते चुकलं की उपायही चुकतात.

बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घारापुरी किंवा खांदेरी येतं. घट्ट काळा कातळ, समुद्राने हजारो वर्षं धडका दिल्या तरी जागचा न हलणारा. प्रवाळबेटाचं तसं नाही. खाली प्रवाळभित्तीचा सपाट, टणक ओटा असतो आणि त्यावर सुट्या वाळूची, गोट्यांची रास. शेतकरी घरातल्या माणसाला हे लगेच कळेल: भित्ती म्हणजे खळं आणि बेट म्हणजे खळ्यावरची रास. खळं पक्कं असतं. रास मात्र वाऱ्यावर, हातावर, कोण किती आणून टाकतो आणि कोण किती उचलून नेतो यावर ठरते.

आधी खळ्याबद्दल. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांवर पोचला, आणि १८४२ मध्ये त्याने आपली उपपत्ती मांडली. समुद्रातून ज्वालामुखीचा डोंगर वर येतो. त्याच्या काठाकाठाने उथळ, उजेडाच्या पाण्यात प्रवाळ वाढतात. डोंगर स्वतःच्या वजनाने आणि थंड होत जाणाऱ्या समुद्रतळाबरोबर लाखो वर्षांत खाली बसत जातो. प्रवाळांना उजेड हवा असतो, म्हणून ते मेलेल्या पूर्वजांच्या सांगाड्यांवर चढत वर राहतात. शेवटी डोंगर पूर्ण बुडतो आणि मागे उरतं ते त्याच्या काठाचं कडं. शाळेच्या भूगोलात अनुतट, रोधक आणि कंकणाकृती अशा तीन प्रवाळभित्ती पाठ केल्या होत्या ना, त्या वेगवेगळ्या तीन वस्तू नव्हेत, एकाच डोंगराची तीन वयं आहेत. हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर पाठांतर वाचलं असतं.

डार्विनचं म्हणणं तपासायला १८९६ ते १८९८ या काळात याच फुनाफुटीवर भोक पाडलं गेलं. सुमारे ३४० मीटर खाली गेले तरी चुनखडीच चुनखडी, डोंगराचा पत्ता नाही. अखेर १९५२ मध्ये मार्शल बेटांतल्या एनिवेटोकवर सव्वा किलोमीटरहून खोल गेल्यावर काळा बसाल्ट लागला. डार्विन बरोबर होता.

तो खालचा काळा दगड आपल्या ओळखीचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण जागेवरून लाव्हा वर आला आणि दख्खनचं पठार, सह्याद्रीचे कडे घडले, तीच चूल पुढेही पेटती राहिली. भारताचा भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात डोंगरांची एक रांग उमटत गेली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस. मॉरिशसचे डोंगरही तिचेच, जिथे पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबं नांदताहेत. ती चूल आज रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. लक्षद्वीपच्या पांढऱ्या वाळूखाली खूप खोल जो कातळ आहे, तो रायगडाच्या कातळाचा धाकटा भाऊ.

खळं इतकं जुनं, पण रास अगदी अलीकडची. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. तेव्हा या भित्ती कोरड्या चुनखडीच्या टेकड्या होत्या. बर्फ वितळलं, पाणी चढलं, प्रवाळ त्याच्यामागे वर आले. सहा-सात हजार वर्षांपूर्वी पाण्याची चढ मंदावली, तेव्हा कुठे वाळू टिकून राहावी अशा उथळ जागा तयार होऊ लागल्या. मालदीवच्या बा अॅटॉलमधली (अॅटॉल म्हणजे कंकणाकृती भित्ती आणि तिच्यावरची बेटं) अभ्यासलेली बेटं साधारण ५,५०० ते ४,००० वर्षांपूर्वी घडली. म्हणजे इकडे सिंधूच्या काठी नगरं उभी राहत होती, त्याच्या मागेपुढे तिकडे ही जमीन जन्माला येत होती.

खळं खोलवर राहिलं तर रास होतच नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर अरबी समुद्रात आंग्रिया बँक ही पाण्याखालची उंच सपाटी आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिथे प्रवाळ आहेत, मासे आहेत. पण तिचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटरवर असल्यामुळे वाळू पाण्याबाहेर येत नाही. म्हणून तिच्यावर बेट नाही.

आता राशीतला माल येतो कुठून? कोकणात वाळू नदी आणते, डोंगर झिजतो, कडे ढासळतात. अॅटॉलवर नदी नाही आणि डोंगरही नाही. तिथला प्रत्येक कण त्याच भित्तीवर एखाद्या जिवाने तयार केलेला असतो: प्रवाळांचे तुकडे, शिंपल्यांचे कपचे, हॅलिमेडा नावाच्या समुद्री शेवाळाच्या चुन्याच्या चकत्या, फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची बारीक कवचं. या वाळूच्या चिमटीवर व्हिनेगर टाकलं तर ती फसफसते, कारण ती सगळी चुन्याचीच असते.

सर्वांत मोठा कारागीर मात्र पोपटमासा. त्याचे दात एकत्र जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. खडकावरचं शेवाळ खाताना तो खडकही खरवडतो, घशातल्या दातांनी भरडतो आणि उरलेला भुगा मागून सोडून देतो. शांत पाण्यात डोकं बुडवलं तर त्याची चोच दगडावर खरडल्याचा आवाज ऐकू येतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवतीच्या भित्तीवर हिशेब मांडला, तेव्हा तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाळू पोपटमाशांची निघाली. लोक सुट्टीत ज्या पांढऱ्याशुभ्र पुळणीवर पाय सोडून बसतात, ती बहुतांशी माशाच्या पोटातून आलेली असते. तुवालूत वेगळा कारखाना आहे. तिथे फोरामिनिफेराचा वाटा मोठा, आणि फुनाफुटीच्या दाट वस्तीपाशी सांडपाण्यामुळे हे जीव कमी झाल्याचं आढळलं आहे. म्हणजे संडासाचं पाणी कुठे सोडलं यावर किनाऱ्याची वाळू अवलंबून!

माल तयार झाला, पण तो एका जागी राहत नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. आषाढात समुद्र पुळण खातो, उतार खडा होतो, माडांची मुळं उघडी पडतात. नारळी पौर्णिमेनंतर लाटा मऊ होतात आणि दिवाळीनंतर तीच वाळू परत येऊन बसते. आपल्याकडे वाळू आत-बाहेर करते. लहान बेटावर तिला फिरायला चारही बाजू मोकळ्या असतात, म्हणून ती बेटाभोवती फिरते. मालदीवमध्ये नैऋत्येचा मोसमी वारा सुरू झाला की पश्चिमेची वाळू पूर्वेला जाऊन साठते, ईशान्येचा वारा आला की परत येते. बा अॅटॉलमधल्या १३ बेटांची मापं दोन्ही मोसमांत घेतली, तेव्हा काही ठिकाणी किनारा वर्षभरात पन्नासेक मीटर पुढे-मागे झालेला दिसला. बेटाचा झाडीचा गाभा जागेवर, भोवतीची पुळण मात्र परकरासारखी गोल फिरणारी. बेट जितकं गोल, तितकं हे फिरणं जास्त. लांबट बेटांवर कमी.

यातून एक सावधगिरी निघते. एका मोसमातला फोटो आणि दुसऱ्या मोसमातला फोटो शेजारी ठेवून ‘बघा, बेट खचलं’ असं सहज दाखवता येतं, आणि फोटोंची अदलाबदल केली तर ‘बघा, बेट वाढलं’ असंही. म्हणून अभ्यासक पुळणीची ओली रेघ शक्यतो मोजत नाहीत, झाडीची कड मोजतात, आणि तीही अनेक दशकांच्या अंतराने.

लक्षद्वीपचा नकाशा उघडून पाहा. तिथली बहुतेक बेटं आपापल्या कड्याच्या पूर्वेच्या काठावर आहेत आणि लगून पश्चिमेला. पावसाळ्यात लाटा पश्चिमेकडून येतात, पश्चिमेच्या भित्तीवर फुटतात आणि माल पूर्वेकडे ढकलत नेतात. हजारो वर्षांच्या पावसाळ्यांनी हा नकाशा काढला आहे. आंद्रोत तेवढं वेगळं: ते पूर्व-पश्चिम पसरलेलं आहे आणि त्याला लगूनच नाही.

याच लक्षद्वीपमध्ये बंगारम अॅटॉलवर पराली-१ नावाचं निर्मनुष्य बेट होतं. १९६८ मध्ये त्याचं क्षेत्रफळ ०.०३२ चौरस किलोमीटर होतं, म्हणजे जेमतेम आठ एकर. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते पूर्ण झिजून गेल्याची नोंद झाली. त्याच अॅटॉलवरच्या पराली-२ चा ८० टक्के भाग गेला होता, तर शेजारच्या पराली-३ चा ११ टक्क्यांच्या आसपास. एकच समुद्र, एकच अॅटॉल, तीच पातळीवाढ, आणि तीन शेजाऱ्यांचं नशीब इतकं वेगळं. नुसतं पाणी चढणं हेच कारण असतं तर असं झालं नसतं.

जगभरची मोजमापं हेच दाखवतात. मध्य प्रशांतातल्या २७ बेटांची जुनी हवाई छायाचित्रं आणि नवी उपग्रहचित्रं २०१० मध्ये ताडून पाहिली, तर १४ टक्के बेटं लहान झालेली, बाकीची होती तशी किंवा मोठी झालेली. २०१८ मध्ये तुवालूच्या सगळ्या १०१ बेटांचा हिशेब आला. १९७१ ते २०१४ या काळात तिथला समुद्र जागतिक सरासरीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चढला, तरी देशाची एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढली होती. ७३ बेटं मोठी झाली, बाकीची बहुतेक आक्रसली. २०१९ मध्ये हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या ७०९ बेटांचा आढावा घेतला गेला. त्यात ८८ टक्क्यांहून जास्त बेटं स्थिर किंवा वाढलेली होती, आणि १० हेक्टरहून मोठं एकही बेट घटलेलं नव्हतं. लहान बेटांवर घाव जास्त बसतो, हे त्यातूनही दिसतंच.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. सॉलोमन बेटांत १९९४ पासून समुद्र वर्षाला ७ ते १० मिलिमीटर चढला. २०१६ च्या अभ्यासानुसार तिथली झाडी असलेली पाच बेटं नाहीशी झाली होती आणि सहा बेटांचा किनारा खूप मागे हटला होता. हवाईच्या बाजूचं ईस्ट आयलंड हे अकरा एकरांचं बेट २०१८ च्या ऑक्टोबरात वालाका वादळाने जवळजवळ पूर्ण पुसलं. तिथे कासवं अंडी घालत असत.

मग राशीची उंची वाढते कशी? मोठी लाट बेटाच्या कडेवरून आत शिरते, आत पाण्याचा जोर मरतो आणि बरोबर आणलेली वाळू तिथेच पडते. २००४ च्या त्सुनामीनंतर बा अॅटॉलमधल्या त्याच बेटांवर अभ्यासक परत गेले. पूर्वेची कड काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत मागे गेली होती, आणि झाडीत ३० सेंटिमीटरपर्यंत जाडीचा वाळूचा नवा थर पसरला होता. काठ खाऊन माथा वाढवणं ही या बेटांची जुनी रीत आहे.

‘तुवालू वाढतंय, मग घाबरायचं कशाला’ असं म्हणणारे लोक इथेच थांबतात, आणि याचा मला राग येतो. लाट घरावरून गेली की बेट उंच होतं, हे नकाशा पाहणाऱ्यासाठी ठीक. त्या घरात माणूस राहतो. त्याची विहीर आहे, परसबाग आहे. बेटाच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्यावर भिंगाच्या आकाराच्या थरासारखं तरंगत राहतं. विहिरीत येतं ते हेच पाणी. वरून एकदा समुद्र आला की हा थर खारट होतो आणि पुन्हा गोडा व्हायला महिने, कधी वर्षं लागतात. तुवालूत जमिनीत खड्डे खणून त्या भिंगाच्या ओलीवर पुलाका लावतात. हा आपल्या अळूचा थोराड भाऊबंद, त्यांचं जुनं पोटभरीचं कंदमूळ. खारं पाणी शिरून यातले कितीतरी खड्डे आज निकामी झाले आहेत. मोठ्या भरतीला फुनाफुटीवर किनाऱ्यावरून लाट यावी लागत नाही. वाळू इतकी सच्छिद्र की वस्तीच्या मधोमध जमिनीतूनच पाणी वर झिरपतं.

मार्शल बेटांतल्या रोई-नामुर बेटावर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासाचा इशारा याच दिशेचा होता: बेटं पाण्याखाली जाण्याच्या कितीतरी आधी, या शतकाच्या मध्यापर्यंतच, दरवर्षीच्या लाटांमुळे अनेक अॅटॉल राहण्याजोगे उरणार नाहीत, कारण गोडं पाणी टिकणार नाही. तुवालूने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला. त्यानुसार वर्षाला २८० जणांना तिकडे कायमचं राहायला जाता येतं. देशाची लोकसंख्या सगळी मिळून अकरा हजारांच्या आसपास.

हलती रास आणि स्थिर घर यांचं भांडण सोडवायला माणूस भिंत बांधतो. मालदीवच्या राजधानीने, मालेने, भराव घालून आपली जमीन भित्तीच्या काठापर्यंत नेली होती. १९८७ मध्ये दूर दक्षिणेकडून आलेल्या लाटांनी हे शहर भिजवलं, आणि मग जपानच्या मदतीने भोवती तटबंदी उभी राहिली. एवढ्या दाट शहराला दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण भिंतीआड गेलेल्या बेटाला नवी वाळू मिळत नाही, ते उंच होत नाही, आणि भिंत जिथे संपते त्या टोकाशी लाट जास्त खाते. लक्षद्वीपच्या वस्तीच्या बेटांवर काँक्रीटचे चारपायी टेट्रापॉड ओळीने टाकलेले आहेत. जेट्टी, बोटींसाठी खोदलेला मार्ग, दोन बेटं जोडणारा भराव-रस्ता, यांतली प्रत्येक गोष्ट लोकांच्या गरजेचीच असते. पण प्रत्येकीमुळे वाळूची ये-जा कुठेतरी अडते, आणि फटका बसतो तो पलीकडच्या कुणाच्या तरी माडांना.

खरी तटबंदी बाहेर आहे. जगभरच्या अभ्यासांची सरासरी काढली तर प्रवाळभित्ती लाटेची ९७ टक्के ताकद किनाऱ्याआधीच शोषून घेते. हे काम ती जिवंत असेतोवर नीट करते. पाणी बरेच आठवडे नेहमीपेक्षा तापलं की प्रवाळ आपल्या अंगात राहणारं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. ताप टिकला तर मरतात. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर झालं, आणि २०२४ मध्ये पुन्हा. १९९८ मध्ये तिथल्या भित्तींवर सुमारे ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. २०२२ पर्यंत तो १९ टक्क्यांवर आला.

यात एक फसवी गोष्ट आहे. प्रवाळ मेले की उघड्या पडलेल्या खडकावर शेवाळ वाढतं, पोपटमाशांना मेजवानी मिळते आणि काही वर्षं वाळू उलट जास्त तयार होते. मालदीवमध्ये २०१६ नंतर असं घडल्याचं मोजलं गेलं आहे. पुळण भरलेली दिसते. पण तो पेरणीसाठी ठेवलेला दाणा दळून खाल्ल्यासारखा प्रकार आहे. मेलेली भित्ती झिजत जाते, वर वाढत नाही, आणि तिच्यावरचं पाणी जितकं खोल होईल तितकी मोठी लाट आत येते. भित्तीची वाढ वर्षाला काही मिलिमीटरच असते, तीही तब्येत चांगली असताना. समुद्रही आता वर्षाला ४ मिलिमीटरच्या आसपास चढतो आहे.

लक्षद्वीपचे मच्छीमार अनेक दशकं गळाच्या काठीने कुप्पा (ट्यूना) पकडत आले. भित्तीबाहेरच्या मोकळ्या समुद्रात कुप्प्यांचा थवा गाठायचा, लगूनमधून आणलेले चिमुकले जिवंत मासे चारा म्हणून पाण्यात टाकायचे आणि काठीच्या एकेका झटक्यासरशी एकेक मासा बोटीत घ्यायचा. त्यामुळे भित्तीवरच्या मोठ्या माशांना फारसा कुणी हात लावत नसे, पोपटमाशालाही नाही. अलीकडे मुख्य भूमीवरच्या बाजारासाठी भित्तीवरची मासेमारी वाढू लागली आहे.